वाडा आणि वाहनतळ

गेल्या वर्षी पावसाळा नुकताच संपला असताना काही कामानिमित्त मला पुण्यास जावे लागले. माझा भाचा तेथे नोकरीस असतो. मंडईत थोडी खरेदी करावी आणि तुळशीबागेतील रामाचे दर्शन घेऊन परतावे, असा आमचा बेत होता. भाच्याने मोठ्या हौसेने आपली मोटार काढली. लक्ष्मी रस्ता ओलांडून आम्ही शुक्रवार पेठेकडे वळलो. परंतु मोटार उभी करावयास कोठे जागा मिळेना. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाक्यांची दाट रांग लागलेली होती. अर्धा तास आम्ही त्याच त्या गल्ल्यांतून फिरत राहिलो. “मामा, चालत आलो असतो तर एव्हाना दर्शन घेऊन परतलोही असतो,” असे भाचा हसत म्हणाला. अखेर एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या पाटीवर ‘वाहनतळ’ अशी अक्षरे दिसली. आत एक मोकळे पटांगण होते. वृद्ध राखणदाराने चिठ्ठी फाडून भाच्याच्या हाती दिली आणि मोटार कोठे लावावी ते काठीने दाखविले.

मी खाली उतरलो आणि सहज इकडेतिकडे पाहू लागलो. कोपऱ्यात एक दगडी हौद अर्धा मातीने बुजलेला दिसला. त्याच्या काठावर एके ठिकाणी घासून घासून खोलगट झालेला खळगा होता. तो पाहताच मी थबकलो. मग मान वर करून शेजारच्या घराच्या भिंतीकडे पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर तुळयांची टोके जेथे रोवलेली असतात, तशी चौकोनी छिद्रे ओळीने दिसत होती. आणि त्यांच्या खाली निळसर चुन्याने रंगविलेला एक लहानसा कोनाडा उघडा पडला होता. त्या कोनाड्यात मी दोन वर्षे माझी पुस्तके ठेवीत असे. ज्या पटांगणात आमची मोटार उभी होती, तो आमच्या वाड्याचा चौक होता.

१९८१ च्या जून महिन्यात पदव्युत्तर शिक्षणासाठी मी परभणी जिल्ह्यातील पेडगाव या आमच्या गावाहून पुण्यास गेलो. त्या काळी मराठवाड्यातील आमचा लोहमार्ग मीटरमापी होता. मनमाडला उतरून पुण्याची रुंदमापी गाडी धरावी लागे. पुण्यात माझ्या आईची मावसबहीण राहत असे. तिचे बिऱ्हाड मंडईच्या पाठीमागील एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर होते. घरात आधीच पाच माणसे होती; मी सहावा झालो. मावशीने कपाळाला आठी न घालता कोनाड्यातील आपले लोणच्याचे बरणीपात्र हलविले आणि म्हटले, “ही तुझी जागा. पुस्तके येथे, अंथरूण दाराशी.”

तो वाडा म्हणजे एक लहानसे गावच होते. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरले की देवडी लागे. देवडीपुढे फरसबंद चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि हौद, चौकाभोवती ओसऱ्या, आणि ओसऱ्यांच्या मागे व वर मिळून अकरा बिऱ्हाडे. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणलेले होते व ते ठिकठिकाणच्या हौदांत साठविले जाई. माझ्या वेळी महानगरपालिकेचा नळ आलेला असल्यामुळे आमच्या हौदाचा उपयोग केवळ धुण्यासाठी उरला होता. काठावरील तो खळगा म्हणजे अनेक पिढ्यांतील स्त्रियांनी भांडी टेकवून व घासून पाडलेली खूण होती.

त्या जीवनाचे मी केवळ गोडवे गाणार नाही. अकरा बिऱ्हाडांना मिळून दोन शौचकूप होते. आतल्या खोल्यांत भरदुपारी दिवा लावावा लागे. नळावर रोज सकाळी भांडण ठरलेले असे. शिवाय जुन्या वाड्यांच्या दारांतून सर्व जातींच्या माणसांना सारखाच प्रवेश मिळे, असेही इतिहास सांगत नाही. पण एक गोष्ट खरी. त्या चौकात कोणी एकटा पडत नसे. ज्वर आला तर औषध कोण आणणार, हा प्रश्न तेथे कधी उपस्थितच झाला नाही. मी पेडगावचा एक अनोळखी मुलगा. परंतु परीक्षेच्या दिवसांत रात्री चौकातील दिव्याखाली वाचीत बसलो की कोणत्या तरी दारातून चहाचा पेला न बोलता पुढे येई.

वाडा जुना होता आणि तो दिवसेंदिवस खचत होता. अशा घरांची रचना समजून घेतली, तर ती का खचतात हेही समजते. वाड्याचा सारा भार सागवानी खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर असतो. भिंती विटांच्या वा मातीच्या. त्या त्या सांगाड्याच्या आधाराने उभ्या असतात. लाकूड कोरडे राहिले तर ते शतकानुशतके टिकते. पण छपराचे एक कौल सरकले आणि तेथून पावसाचे पाणी भिंतीत मुरू लागले, म्हणजे भिंतीत दडलेला खांब आतल्या आत कुजतो. ओलीमागून वाळवी येते. बाहेरून चुना शुभ्र दिसतो आणि आतून खांब भुसभुशीत झालेला असतो. म्हणून असे घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाचपून पाहावे लागते. एका कौलाची दुरुस्ती स्वस्त असते. एका खांबाची महाग असते. आणि दहा खांब गेल्यावर दुरुस्ती हा शब्दच उरत नाही.

मग ही दुरुस्ती का होत नसे? याचे उत्तर केवळ आळस असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर शहरांत घरांची फार टंचाई झाली. भाडेकरूंची पिळवणूक होऊ नये म्हणून त्या वेळच्या मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. या कायद्याने असंख्य गरीब कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर राखले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु वस्तूंचे भाव वाढत गेले आणि भाडे मात्र होते तेथेच राहिले. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला व भाड्यात दरवर्षी शेकडा ४ वाढ करण्याची मुभा मिळाली. पण तोवर कित्येक वाड्यांची हाडे खिळखिळी झाली होती. ज्याने डोक्यावरचे छप्पर राखले, त्याच कायद्याच्या छायेत छपराची कौले मात्र फुटत राहिली.

आमच्या वाड्याचे मालक वयोवृद्ध होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. १९८२ च्या चैत्रात त्यांनी चौकात सर्वांना बोलाविले आणि सांगितले, “मागच्या सोप्याचे छप्पर यंदा शाकारले नाही तर भिंत राहणार नाही. अकरा बिऱ्हाडांचे भाडे मिळून एका सुताराच्या आठवड्याच्या मजुरीइतके होते. प्रत्येकाने दोनशे रुपये द्यावेत; उरलेले मी कसेही उभे करतो.”

त्या रात्री बिऱ्हाडकरूंची बैठक झाली. कोणी म्हणाले, घर त्यांचे, मग दुरुस्ती आपण का करावी? कोणी म्हणाले, आज छपराचे मागतील, उद्या जिन्याचे मागतील. दोनशे रुपये ही त्या संसारांना लहान रक्कम नव्हती, हेही खरे. अखेर मालकांना लेखी नकार कळवावा असे ठरले. आणि माझे अक्षर चांगले व भाषा शुद्ध म्हणून ते पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या उत्साहाने लेखणी घेतली. ‘घराची दुरुस्ती हे मालकाचे विधिविहित कर्तव्य असून त्याचा भार भाडेकरूंवर टाकणे न्यायास धरून नाही,’ असे भारदस्त वाक्य मी रचले आणि त्याबद्दल सर्वांची शाबासकी मिळविली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला जिन्यात थांबविले. पत्र त्यांच्या हातात होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अक्षर सुंदर आहे तुमचे. पण पावसाला अक्षर वाचता येत नाही.”

मी शिक्षण संपवून १९८३ मध्ये गावी परतलो. १९८६ च्या श्रावणात मावशीचे पोस्टकार्ड आले. मागच्या सोप्याची भिंत दुपारच्या वेळी कोसळली होती. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण वाडा धोकादायक ठरला. बिऱ्हाडे एकेक करून उठली. मावशी उपनगरात दोन खोल्या घेऊन राहावयास गेली. अण्णा वारले. त्यांच्या वारसांत वाटणीचा वाद लागला. बोळ अरुंद, जागा लहान, भोवती मोकळे अंतर सोडण्याचा नियम. त्यामुळे नवी इमारत बांधणेही सोपे नव्हते. वाद मिटेपर्यंत जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तेथे वाहने उभी करू द्यावीत, असे कोणास सुचले. त्याला भांडवल लागत नाही, दुरुस्ती लागत नाही आणि भाडेकरू सायंकाळी आपण होऊन निघून जातो. तात्पुरती म्हणून केलेली ही योजना अशी वर्षानुवर्षे टिकून राहिली.

हे केवळ आमच्याच वाड्याचे झाले, असे नाही. मंडईजवळच आर्यन नावाचे चित्रपटगृह होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, गंगाधरपंत पाठक यांनी हे चित्रपटगृह सुरू केले. पुण्यातील पहिले चित्रपटगृह म्हणून त्याचा लौकिक होता. १९८३ मध्ये, म्हणजे मी पुणे सोडले त्याच वर्षी, ते बंद झाले. पुढे ते पाडण्यात आले आणि त्या जागी वाहनतळ झाला. मंडईत येणाऱ्यांची वाहने वाढली होती, त्यांना जागा हवी होती, हे नाकारता येणार नाही. पण जेथे लोक एकत्र बसून हसत आणि रडत, तेथे आता लोक येतात ते केवळ निघून जाण्यासाठी.

परदेशांतही असे घडले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील डेट्रॉइट, ह्यूस्टन यांसारख्या अनेक शहरांच्या मध्यवस्तीत जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी मोटारींसाठी पटांगणे करण्यात आली. गाडी उभी करण्यास जागा झाली की गिऱ्हाईक येईल, अशी तेथील व्यापाऱ्यांची समजूत होती. परंतु घरे गेली, दुकाने गेली, माणसे उपनगरांत गेली. मोटार ठेवावयास विपुल जागा झाली. मात्र मोटार घेऊन जेथे यावे, असे तेथे फारसे काही उरले नाही. याउलट डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९६२ साली बाजारातील मुख्य रस्ता मोटारींना बंद करून तो पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला. व्यापार बुडेल ही तेथील दुकानदारांची भीती खोटी ठरली. पुढे मोटारींनी व्यापलेले चौकही हळूहळू मोकळे होत गेले आणि तेथे माणसे बसू लागली.

त्या पटांगणात उभा असताना मी मनाशी एक हिशेब केला. तो तुम्हीही करून पाहा. एक मोटार उभी करण्यास साधारणपणे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. मोटार आत येण्याची व वळण्याची वाट धरली तर हा आकडा जवळजवळ दुप्पट, म्हणजे २५ चौरस मीटर होतो. जुन्या मापाने ही जागा सुमारे पावणेतीनशे चौरस फूट भरते. मावशीच्या दोन खोल्या याहून मोठ्या नव्हत्या. ज्या जागेत सहा माणसे जेवली, निजली, आजारी पडली व बरी झाली, एक मुलगी जन्मली आणि एक मुलगा पदवीधर झाला, तेवढीच जागा आमच्या एका मोटारीने दोन तास अडविली होती. शिवाय वाड्याला मजले होते. एकावर एक तीन बिऱ्हाडे राहत. उघड्या पटांगणात मोटारीवर मोटार चढत नाही.

याचा अर्थ प्रत्येक जुनी इमारत जशीच्या तशी राखावी, असा नव्हे. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली. तो वाडा अत्यंत जीर्ण झाला होता. दीर्घकाळ चाललेल्या न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरविण्यात आला. परंतु तो उतरविला, तो त्या शाळेचे स्मारक उभारण्यासाठी. इमारत पाडणे हा नेहमीच दोष नसतो. ती पाडल्यावर त्या जागी काय येते आणि कोण येते, हा खरा प्रश्न आहे.

तसेच वेळीच हात लावला तर काय राखता येते, हेही पुण्यातच पाहावयास मिळते. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात दोन वाड्यांना आग लावण्यात आली. एक बुधवारवाडा आणि दुसरा दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. आज त्याचे केवळ नाव उरले आहे. विश्रामबागवाड्याचाही एक भाग जळाला होता. पण त्याची दुरुस्ती झाली, पुढील काळात त्याचा सार्वजनिक कामांसाठी उपयोग होत राहिला, आणि त्याच्या कोरीव सागवानी खांबांखालून आजही माणसे ये-जा करतात. दोघांवर आलेले संकट एकच होते. पण संकटानंतर ज्याला माणसांचा हात लागला, तोच वाचला.

दर्शन घेऊन आम्ही परत आलो. भाच्याने राखणदाराला पैसे दिले. मी त्याला विचारले, “येथे पूर्वी काय होते, ठाऊक आहे का?” तो म्हणाला, “वाडा होता म्हणतात. मी आलो तेव्हापासून हे असेच आहे, साहेब.” मी हौदाच्या काठावरील खळग्यावर क्षणभर हात ठेवला. त्या वाड्याचा मालक मी नव्हतो. त्याचा नाश मी केला, असेही कोणी म्हणणार नाही. पण ते पत्र माझ्या अक्षरातील होते. आणि आता त्याच जागेवर मोटार घेऊन येणाऱ्यांतही मी होतो.

परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, “मामा, मंडईला आता भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. पुढच्या वेळी मोटार घरीच ठेवू.” २९ सप्टेंबर २०२४ पासून ती गाडी मंडईवरून धावू लागली आहे. त्याचे बोलणे ऐकून मला समाधान वाटले. शहरातील मोटारी कमी झाल्या, तरच मोटारींसाठी मोकळ्या झालेल्या जागा पुन्हा माणसांना मिळू शकतील.

पेडगावला आमचे वडिलोपार्जित घर माळवदाचे आहे. लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले ते सपाट छप्पर दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी नव्या मातीने लिंपावे लागते. माझे वडील वैशाखाच्या उन्हात स्वतः माळवदावर चढत. मी लहानपणी कंटाळून विचारी, “दरवर्षी हे कशाला?” ते म्हणत, “घराला आपण उन्हाळ्यात राखावे, म्हणजे ते आपल्याला पावसाळ्यात राखते.” पुण्याहून आल्यावर मी माळवदाला लागणाऱ्या मातीची चौकशी केली. आमच्या घराला तडा गेला होता. गेली दोन वर्षे तो मी पाहत होतो आणि पुढच्या वर्षावर ढकलीत होतो. यंदा तो बुजविला. माती घालताना अण्णांचे शब्द मला आठवत होते. पावसाला खरेच अक्षर वाचता येत नाही. त्याला केवळ माणसाच्या हातचे काम कळते.

अभ्यास

शब्दार्थ : बिऱ्हाड – भाड्याच्या घरातील संसार. देवडी – मुख्य दरवाजाच्या आतील पहारेकऱ्याची जागा. सोपा – घराचा पडवीसारखा भाग. शाकारणे – छपराची कौले नीट लावणे. माळवद – मातीचे सपाट छप्पर.

प्रश्न :

१. लेखकाने वाहनतळाची जागा कोणत्या खुणांवरून ओळखली?

२. भाडेनियंत्रणाच्या कायद्याचा लाभ कोणता झाला व त्याबरोबर हानी कोणती झाली? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘पावसाला अक्षर वाचता येत नाही,’ या वाक्यातून अण्णांना काय सुचवावयाचे आहे?

४. बिऱ्हाडकरूंचा नकार तुम्हांस योग्य वाटतो का? दोन्ही बाजू मांडून आपले मत सांगा.

५. बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांच्या उदाहरणांवरून लेखक कोणता विचार मांडतो?

उपक्रम : आपल्या वर्गाची लांबी व रुंदी मोजा. तेथे किती मोटारी उभ्या राहू शकतील आणि आज किती विद्यार्थी बसतात, हे वहीत लिहा. आपल्या गावातील एका जुन्या घराविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.